बोट पाण्यात सोडायला पिकअप कुठली? ट्रेलरचंही बोलू

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सतरा फुटी फायबरची बोट, मागे 60 एचपीचं आउटबोर्ड इंजिन, ट्रेलर अजून बनवून घ्यायचा आहे. बोट राहणार घरी, नाशिकला गंगापूर रोडला. महिन्यातून दोनदा गंगापूर धरणाचं बॅकवॉटर किंवा वैतरणा धरण, वर्षातून एखाद-दोन वेळा कोकण. त्यासाठी इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स की महिंद्राची जुनी 4x4 बोलेरो कॅम्पर, यात मन अडकलंय. शिवाय अमेरिकन व्हिडिओत पाहिलेला तो नॉब, फिरवला की ट्रेलर आपोआप वळत मागे जातो, तो इथे बसवून मिळेल का, हेही विचारलंत.

मी अंबडला ट्रेलर बनवतो. बनवलेला ट्रेलर पोचवायचा आणि पहिल्यांदा बोट पाण्यात उतरवून दाखवायची, हे मी गिऱ्हाइकाला फुकट करून देतो. त्यामुळे बावीस वर्षांत रिसॉर्टच्या, मासेमारीवाल्यांच्या, पुरासाठी घेतलेल्या रेस्क्यू बोटी असं बरंच काही उतरवून झालंय. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं यावरून पूर मोजणारे आपण लोक, त्यामुळे रेस्क्यू बोटीचं काम नाशकात दर पावसाळ्याआधी निघतंच. सांगतोय ते या कामातलं आहे, ब्रोशरमधलं नाही.

तुमच्या प्रश्नात सगळा भर ‘गाडी किती ओढेल’ यावर आहे. ती चिंता सोडा. तुमचं वजन मांडून बघू: बोट साधारण 600 किलो, इंजिन 115, पन्नास लिटर पेट्रोलचे चाळीसेक, बॅटरी, नांगर, जॅकेटं, दोर मिळून 65, आणि ट्रेलर 380. झाले 1200 किलो. ऑस्ट्रेलियात ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी हायलक्स आणि डी-मॅक्स (आपल्या व्ही-क्रॉसचं तिकडचं नाव) दोघींनाही साडेतीन टनांपर्यंत परवानगी आहे. इथल्या गाडीला तोच आकडा लागू धरू नका, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. पण या जातीच्या गाडीला 1200 किलो म्हणजे घाम फोडणारं काम नव्हे, एवढं त्यावरून कळतं. हायवेवर ओढणं हा सोपा भाग आहे. गाडी अडते ती शेवटच्या वीस मीटरात, जिथे काँक्रीटवर शेवाळ आहे, उतार आहे आणि मागची चाकं पाण्याच्या कडेला आहेत.

तिथे काय होतं ते आकड्यातच बघा. रॅम्पचा, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीट रस्त्याचा, उतार सातास एक धरा, म्हणजे सात मीटरला एक मीटर खाली. गाडी 2000 किलो, ट्रेलर 1200. हे सगळं वर खेचायला साधारण 460 किलोचा जोर लागतो, चाकांचं घर्षण वेगळं. आता पकड किती मिळते? रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका. पण तोंड चढाकडे असल्यामुळे वजन मागे सरकतं, त्यात ट्रेलरच्या नाकाचं, म्हणजे गाडीवर टेकणाऱ्या पुढच्या टोकाचं, ऐंशीएक किलो. म्हणजे मागच्या एक्सलवर अकराशे किलोच्या आसपास. शेवाळलेल्या ओल्या काँक्रीटवर वजनाच्या पाव पट पकड मिळाली तर नशीब समजा. अकराशेची पाव पट म्हणजे 275. हवेत 460, मिळतात 275. चाकं जागेवर फिरणार, टायरचा धूर निघणार, काठावरची पोरं मोबाइल काढणार.

आता पुढची चाकं. या गाड्यांचा व्हीलबेस तीन मीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे मागची चाकं शेवाळावर असतात तेव्हा पुढची तीन मीटर वर, बहुतेक वेळा कोरड्या काँक्रीटवर असतात. तिथे वजनाच्या साठ टक्के पकड सहज मिळते. पुढच्या एक्सलवर नऊशे-हजार किलो, त्याचे साडेपाचशे-सहाशे. मागचे 275 धरले तर साडेआठशेच्या जवळ. गाडी आवाज न करता वर येते. 4x4 चिखलासाठीच लागतं असा समज आहे. रॅम्पवर त्याचा खरा उपयोग असा, की पुढची दोन चाकं कोरड्यात उभी राहून मागच्या दोघांना ओढून काढतात.

म्हणून पहिला नियम हा, की 4x2, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर देणारी, घ्यायची नाही. व्ही-क्रॉसची 4x2 ऑटोमॅटिक किमतीला मोहात पाडते, चालवायला गोडही आहे, पण या कामासाठी तिचं नाव काढू नका.

त्यात लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा गिअरचा वेगळा संच. व्ही-क्रॉसचं 1.9 लिटरचं इंजिन 163 पीएस आणि 360 न्यूटन-मीटर देतं. हायलक्सचं 2.8 लिटरचं 204 पीएस, ऑटोमॅटिकला 500 न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला 420. कागदावर हायलक्स कितीतरी पुढे आहे. पण लो रेंजला पहिल्या गिअरमध्ये दोघींचाही जोर टायरच्या पकडीपेक्षा इतका जास्त असतो की रॅम्पवर हा फरक कळतच नाही. कळतो तो कसारा घाट चढून येताना, मागे बोट आणि पुढे कंटेनर असताना. लो रेंजचं खरं काम वेग कमी करणं हे आहे. रिव्हर्सला, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, माणूस चालतो त्याहून हळू गाडी खाली सरकते. मॅन्युअलमध्ये हाय रेंजला तेच करायचं तर अर्धा क्लच दाबून धरावा लागतो. दोन-तीन वेळा बोट आत-बाहेर केली की क्लचचा वास येतो, आणि तो वास खिशाला फार लागतो. तुम्ही एकटे किंवा घरच्यांना घेऊन जाणार असाल तर ऑटोमॅटिक घ्या असं मी म्हणेन. तिच्यात क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्याला असं रांगणं सोसतं. मला स्वतःला मॅन्युअल आवडते, पण ती सवयीची गोष्ट आहे, तिला तर्क नाही.

बोलेरो कॅम्पर 4x4 चं विचारलंत म्हणून सांगतो. 2523 सीसीचं जुनं दणकट इंजिन, 75 एचपी, 200 न्यूटन-मीटर. गंगापूर आणि वैतरण्यापुरती ती रडत-रडत का होईना भागवेल आणि दुरुस्ती कुठल्याही फाट्यावर होईल. पण कोकणातून 1200 किलो मागे लावून घाट चढताना तुमचा आणि मागच्या ट्रकवाल्याचा, दोघांचाही जीव जाईल. बजेट अगदी तंग असेल तरच घ्या, आणि मग कोकणचा बेत सोडा.

एक गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते या उत्तरात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. वरचाच हिशोब उलटा लावा. बोट सुटेपर्यंत गाडी रॅम्पवर उभी करायची आहे. तिला धरून ठेवायलाही तेवढेच 460 किलो लागतात. हँडब्रेक लागतो फक्त मागच्या दोन चाकांना, आणि ती चाकं शेवाळावर आहेत, 275 ची. म्हणजे हँडब्रेक कितीही कडक असला, चाकं लॉक असली, तरी गाडी लॉक चाकांवर घसरत खाली जाऊ शकते. ड्रायव्हर ब्रेक दाबून बसलेला असतो तोवर चारही चाकं धरलेली असतात. तो पाय काढून बोटीकडे जायला उतरतो आणि धरणारी चाकं चाराची दोन होतात. एका रिसॉर्टची पिकअप दारापर्यंत पाण्यात गेलेली मी समोर उभा राहून पाहिली आहे. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता, ड्रायव्हर शपथेवर सांगत होता आणि तो खरंच बोलत होता.

उपाय सोपा आहे. 4L (चारही चाकांना लो रेंज) तसाच लावलेला ठेवायचा, मॅन्युअल असेल तर इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, वर हँडब्रेक. ट्रान्स्फर केस, म्हणजे जोर दोन्ही एक्सलना वाटणारी पेटी, पुढच्या-मागच्या एक्सलना जोडून ठेवते, त्यामुळे कोरड्यातली पुढची चाकंही गाडी धरतात. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये मात्र चुकूनही राहू द्यायची नाही. तसं झालं तर पी लावलेला असूनही चाकं मोकळी असतात. आणि पुढच्या चाकांच्या मागे लाकडी ठोकळे, दोराने बंपरला बांधलेले, म्हणजे वर येताना ते उचलायला कुणाला वाकावं लागत नाही. मागे घेताना चारही काचा खाली, सीटबेल्ट काढलेला. पाण्यात गाडी गेली तर बाहेर पडायला तेवढाच वेळ मिळतो. बायको-मुलं गाडीत नकोत, काठावर.

आता तुमचा नॉब. फोर्डने एफ-150 च्या 2016 मॉडेलला तो पहिल्यांदा दिला. डॅशबोर्डवर एक गोल बटण असतं. ट्रेलर डावीकडे हवा तर बटण डावीकडे फिरवा, स्टिअरिंग गाडी स्वतः फिरवते, तुम्ही फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळायचे. ट्रेलरच्या दांड्यावर बुद्धिबळाच्या पटासारखं स्टिकर चिकटवायचं आणि मागचा कॅमेरा ते बघून ट्रेलरचा कोन मोजायचा. त्याआधी ट्रेलरची मापं गाडीत भरावी लागत. टोयोटाने टुंड्राच्या 2022 मॉडेलला थोडा वेगळा मार्ग काढला: एकदा दिशा पकडली की गाडी ट्रेलरला सरळ रेषेत मागे नेते. जीएमच्या मोठ्या पिकअपमध्ये कॅमेऱ्यांची चित्रं जोडून मधला ट्रेलर पारदर्शक झाल्यासारखा दिसतो. काही गाड्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेवर, किती वजन आलं तेही सांगतात. सगळं छान आहे, मी नावं ठेवत नाही.

पण नॉब चालतो तो इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, कॅमेरा आणि स्थिरतेची प्रणाली एकमेकांशी बोलतात म्हणून. हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या पिकअपला बाजारातला एखादा डबा लावून ते होत नाही. कुणी लावून देतो म्हणाला तर त्याचा चहा प्या आणि निघा.

आणि खरं सांगू का, त्या नॉबचा गुण फुकटात मिळतो. स्टिअरिंग वरून न धरता तळाशी, सहाच्या काट्याजवळ, एका हाताने धरा. ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा. डावीकडे हात, ट्रेलर डावीकडे. झालं. मेंदूला उलटं गणित करावं लागत नाही, नॉबही तेवढंच करतो. एवढं लक्षात ठेवा की आखूड ट्रेलर लवकर वळतो आणि लवकर बिघडतो, लांब ट्रेलर उशिरा वळतो पण माफ करतो. कोन हाताबाहेर गेला असं वाटलं की मागे रेटून सुधारायला जाऊ नका, चार मीटर पुढे या आणि पुन्हा सुरू करा. मीही अजून पुढे घेतो, त्यात कसली लाज? सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला रिकामा रस्ता बघा, रस्त्यावर विटा मांडून रॅम्पची रुंदी आखा आणि दोन सकाळी घालवा. ट्रेलर रिकामा असतानाच शिका.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मागे घेताना तो फारसा कामाचा नाही. ट्रेलर मध्ये आडवा येतो, आणि टेलगेट खाली केलं की टेलगेटवरचा कॅमेरा जमीन दाखवत बसतो. पण एकट्याने हिच जोडायला कॅमेऱ्यासारखं सुख नाही. टो-बॉल (गाडीमागचा गोळा) कपलरच्या (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) बरोबर खाली आणायला पूर्वी एक माणूस मागे उभा करावा लागायचा, ‘थोडं अजून, थोडं अजून, बास बास’ चालायचं, आणि ‘बास’ नेहमी उशिरा यायचा. मागे घेतानाची खरी अडचण वेगळी आहे. बोट उतरवल्यावर रिकामा ट्रेलर पिकअपच्या मागे इतका खाली असतो की आरशात दिसतच नाही. आणि दिसतो तेव्हा तो आधीच वाकडा झालेला असतो. त्यासाठी ट्रेलरच्या मागच्या दोन टोकांना चार-चार फुटांचे पीव्हीसी पाइप उभे करतो, भगवा रंग मारून. आरशात दोन काठ्या दिसत राहतात. वाऱ्यात बोट ट्रेलरवर चढवतानाही त्या काठ्या दोन्ही बाजूंनी तिला धरतात. किंमत काही शे रुपये.

इथवर गाडीचं झालं. 4x4, लो रेंज, जमलं तर ऑटोमॅटिक. या तीन गोष्टी ज्या गाडीत आहेत ती कुठलीही चालेल, आणि व्ही-क्रॉस व हायलक्स दोन्हींत त्या मिळतात. हायलक्सला मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉकही आहे. एक मागचं चाक चिखलात, एक दगडावर, अशा वेळी तो कामाला येतो. कोकणच्या फेऱ्या खरंच होणार असतील तर हायलक्स, नाहीतर व्ही-क्रॉस घेऊन उरलेले पैसे ट्रेलरवर घाला. मी तुमच्या जागी असतो तर दुसरं केलं असतं.

ट्रेलरमध्ये पहिला निर्णय: बंक की रोलर. बंक म्हणजे कार्पेट गुंडाळलेल्या लाकडी फळ्या, त्यांच्यावर बोट बसते. स्वस्त, शांत, बोटीच्या तळाला मऊ. पण बोट तरंगेपर्यंत ट्रेलर खोल न्यावा लागतो, म्हणजे गाडीची मागची चाकंही पाण्याकडे जातात. रोलरवर बोट ढकलून सोडता येते, ट्रेलर तितका खोल लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गंगापूर काठोकाठ असतं तेव्हा कुठलाही ट्रेलर चालतो. मार्चनंतर पाणी उतरत जातं, आणि जिथे बांधलेला उतार आहे तोही पाण्याच्या वरच संपतो. खाली काळी माती आणि गाळ. वैतरण्याला तीच तऱ्हा. म्हणून आपल्या धरणांसाठी मी रोलर सांगतो. एक धोका मात्र आहे: रोलरवरून बोट आपल्याला विचारत नाही, सुटते. विंचचा, म्हणजे बोट ओढून धरणाऱ्या रहाटाचा, पट्टा पाण्याच्या आधी सोडायचा नाही. उतारावर आल्यावर ‘तयारी करून ठेवू’ म्हणून एका गिऱ्हाइकाच्या मुलाने पट्टा काढला आणि नवीकोरी बोट काँक्रीटवर बसली. इंजिनाचा स्केग (सगळ्यात खालचं पातं) तुटला, मुलाचा हात थोडक्यात वाचला.

दुसरा, नाकावरचं वजन. आपल्या सतरा फुटी बोटीत इंजिन सगळ्यात मागे, म्हणून ट्रेलरचं नाक हलकं राहायची सवय असते. नाक हलकं असेल तर साठ-सत्तरच्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. एकूण वजनाच्या सहा-सात टक्के नाकावर हवेत, म्हणजे तुमच्या 1200 किलोला 72 ते 84. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. कपलरखाली, गाडीच्या बॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा ठेवा आणि तो काट्यावर टेकवा. कमी भरलं तर विंचचा खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या, नाहीतर एक्सल मागे. आमच्याकडे एक्सल वेल्ड करत नाहीत, यू-बोल्टने बसवतात, ते यासाठीच.

समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला खुला झाल्यापासून लोकांना कसारा टाळून मुंबईकडे उतरता येतं, आणि गुळगुळीत रस्ता दिसला की पाय खाली जातो. ट्रेलर मागे असताना तो मोह नको. हलायला लागलाच तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने त्याच्याशी भांडू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा. गाडीत ट्रेलर स्वे कंट्रोल असेल तर ती एकेका चाकाला ब्रेक लावून झुलणं मोडते, पण नाकावर वजनच नसेल तर तीही किती वेळा वाचवणार?

तिसरा, ब्रेक. आपल्याकडे बोटीचे बहुतेक ट्रेलर बिनब्रेकचे निघतात आणि मीही वर्षानुवर्षं तसेच बनवले, खोटं कशाला बोलू. 700-750 किलोपर्यंत ते चालून जातं. तुमच्या 1200 ला ब्रेक लावा. इलेक्ट्रिक ब्रेक कॅरॅव्हानसाठी उत्तम, केबिनमधून वेगळे मारता येतात, पण त्यांचे चुंबक आणि वायरी महिन्यातून दोनदा पाण्यात बुडवायच्या म्हणजे वर्षभरात भंगार. बोटीला ओव्हररन ब्रेक बरे. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानेच कपलरमधला दांडा दबतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. वीज लागत नाही. फक्त दोन गोष्टी समजून घ्या. चढावर रिव्हर्स घेताना हाच रेटा ब्रेक लावून ट्रेलर अडवतो, म्हणून ऑटो-रिव्हर्सवाला, म्हणजे मागे जाताना ब्रेक आपोआप सोडणारा, हब (चाकाची नाभी) घ्या. आणि रॅम्पवर खाली जाताना ट्रेलर गाडीला ओढत असतो, रेटत नाही, म्हणून तिथे ओव्हररन ब्रेक काडीची मदत करत नाही. तिथे सगळा भार गाडीच्या चार चाकांवर.

बेअरिंगबद्दल एकच ओळ पुरेशी होती, पण आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या दर तीन ट्रेलरमागे दोन याच कारणाने येतात. वीस-पंचवीस किलोमीटर चालून हब तापलेला असतो. तो तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. पुढच्या महिन्यात ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं सापडतं. म्हणून धरणावर पोचल्यावर वीस मिनिटं थांबा. त्या वेळात पट्टे काढा, लाइटचा प्लग काढा, बोटीचं बूच लावलंय का बघा, चहा घ्या. हबला स्प्रिंगवालं ग्रीस कॅप बसवा, ते आत थोडा दाब ठेवतं. गाडीच्या मागच्या एक्सललाही हाच न्याय: चाकाची नाभी पाण्यात जाऊ द्यायची नाही, आणि गेलीच तर डिफरन्शियलचं तेल तपासा. कोकणातून परतल्यावर हब, ब्रेक, स्प्रिंगपाटे सगळं गोड्या पाण्याने धुवा. सांगाडा गॅल्व्हनाइज्डच करा, रंग मारलेलं लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

टो-बॉल दोन मापांत मिळतो, 50 मिलिमीटर आणि दोन इंच. फरक एका मिलिमीटरहूनही कमी, डोळ्याला दिसत नाही. दोन इंची कपलर 50 च्या बॉलवर बसतो, खुळखुळतो, आणि एखाद्या गतिरोधकावर उडी मारून सुटतो. बाहेरगावाहून बोट आणणाऱ्या एकाचा आडगावजवळ असाच सुटला. खाली फुली मारून बांधलेल्या साखळ्यांनी दांडा झेलला म्हणून निभावलं. बॉलवर माप कोरलेलं असतं, वाचा. टो-बार चॅसिसला बोल्टने बसवलेला हवा. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चॅसिसला हात लावू देऊ नका.

उन्हाळ्याचं राहिलं. एप्रिल-मे मध्ये गाळात उतरायची वेळ आली तर माझं मत ऐकून तुम्हाला हसू येईल: पिकअप वरच ठेवा आणि ट्रॅक्टर बोलवा. गिरणारे पट्ट्यात द्राक्ष-टोमॅटोवाल्यांकडे दर दुसऱ्या घरी ट्रॅक्टर आहे. मागची दांडगी चाकं, खोल नक्षी, रांगण्याचा वेग, आणि वरून सगळं दिसतं. कुठलीही अमेरिकन टेक्नॉलॉजी काळ्या चिखलात त्याच्यापुढे उभी राहत नाही. ट्रेलरला बॉल कपलरच्या जोडीने ट्रॅक्टरची पिन बसेल असं भोक असलेला दांडा करून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे. ट्रॅक्टर नाही मिळाला तर टायरमधली हवा वीस पीएसआयपर्यंत कमी करा, आणि पिकअपच्या हौद्यात वीस लिटरचे सहा जार पाण्याने भरून मागच्या एक्सलवर ठेवा. सव्वाशे किलो झाले, परत निघताना पाणी सोडून द्या. हवा भरायचा पंप सोबत हवाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी आणि विमा लागतो. ‘कुणी विचारत नाही’ हे अपघात होईपर्यंतच खरं. गंगापूर हे शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथे खासगी बोट सोडायची तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी, बोट नंतर.

ट्रेलर कुणाकडूनही बनवा, पण बनवायला टाकण्याआधी बोट इंजिनासकट उभी करून तीन मापं घ्या: नाकापासून ट्रान्समपर्यंतची (इंजिन बसतं ती मागची भिंत) लांबी, ट्रान्समजवळ तळाच्या व्ही आकाराचा कोन, आणि बोट एका आडव्या पाइपवर तोलली तर ती कुठे समतोल राहते ते ट्रान्समपासून किती फुटांवर. तिसरं माप सगळे विसरतात. ते इथे टाकलंत तर एक्सल कुठे बसवायचा ते सांगतो.